व्हेअरमधली अट डेटाबेसच्या आत कशी चालते आणि ती स्वतः कशी पाहावी

दापोली तालुक्यातील हर्णै बंदरावर होड्या लागल्या की किनाऱ्यावरच माशांचा लिलाव होतो. त्या लिलावाच्या नोंदी ठेवणारे ‘आवक’ नावाचे एक टेबल पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे असे धरू. त्यात क्रमाने सात कॉलम आहेत: क्रमांक, होडी, तारीख, मासा, वजन, भाव आणि बर्फखर्च. वजन पूर्ण किलोत असल्यामुळे इंटीजर (पूर्णांक), किलोमागचा भाव आणि बर्फखर्च रुपयांत असल्यामुळे न्यूमरिक (अचूक दशांश) आणि मासा टेक्स्ट (मजकूर) ठेवला आहे. पैशांसाठी फ्लोट प्रकार कधीही वापरू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो, कारण त्यात दशांश अचूक राहत नाहीत आणि हिशेब पैशा-पैशाने हलतो. पोस्टग्रेसमध्ये टेबलांची आणि कॉलमांची नावे अवतरणचिन्हांशिवाय देवनागरीत देता येतात. मात्र नावाची मर्यादा 63 बाइटची असते, यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, अनुस्वार ही चिन्हे वेगळी मोजली जातात. त्यामुळे नाव 21 चिन्हांत बसवावे. ते लांबले तर डेटाबेसचे इंजिन एक सूचना देऊन पुढचा भाग कापून टाकते.

आता आपल्याला सुरमईच्या अशा नोंदी हव्या आहेत, ज्यांत बर्फाचा खर्च वजा जाता दहा हजारांहून जास्त रक्कम आली. क्वेरीच्या व्हेअर या भागात कोणत्या नोंदी हव्यात ते सांगायचे असते. तिथे आपण असे लिहितो:

वजन * भाव - बर्फखर्च > 5000 * 2 अँड मासा = 'सुरमई'

ही ओळ इंजिनात शिरल्यापासून प्रत्येक नोंदीवर चालेपर्यंत तिची रूपे बदलत जातात. कोणता निर्णय कोणत्या टप्प्यावर होतो हे एकदा नीट कळले, की क्वेरी संथ का झाली किंवा तिने काही नोंदी का गाळल्या याचे कारण नेमके कुठे शोधायचे तेही कळते. म्हणून या लेखात हीच एक अट हाती धरून तिचा माग काढू.

मजकुरापासून ट्रीपर्यंत

पार्सर प्रथम मजकुराचे तुकडे पाडतो आणि व्याकरणाच्या नियमांनुसार त्यांची ट्री, म्हणजे फांद्यांसारखी रचना, करतो; तिच्या प्रत्येक सांध्याला नोड म्हणतात. गुणाकाराला वजाबाकीपेक्षा आणि वजाबाकीला तुलनेपेक्षा अग्रक्रम असल्यामुळे सर्वांत वर अँडचा नोड येतो. त्याखाली एका बाजूला ‘>’ आणि दुसऱ्या बाजूला ‘=’ येतात, ‘>’च्या डावीकडे वजाबाकी आणि तिच्या डाव्या फांदीवर गुणाकार बसतो. या टप्प्यावर ‘भाव’ हा केवळ एक शब्द असतो. आवक नावाचे टेबल खरोखर आहे का आणि त्यात तसा कॉलम आहे का, हे पार्सरने अजून पाहिलेलेच नसते.

ते पाहण्याचे काम पुढच्या विश्लेषणाच्या टप्प्यावर होते, आणि एक्सप्रेशनच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे निर्णय इथेच होतात. कॉलमच्या नावाच्या जागी ‘व्हार’ हा नोड येतो. त्यात टेबलाचा क्वेरीतील क्रमांक आणि कॉलमचा टेबलातील क्रमांक एवढेच राहते, म्हणून इथून पुढे भाव म्हणजे पहिल्या टेबलाचा सहावा कॉलम. आकडे आणि अवतरणातील मजकूर ‘कॉन्स्ट’ होतात. ‘*’ या खुणेचा एकच अर्थ नसतो. सिस्टम कॅटलॉगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या नोंदवहीत, त्या नावाचे अनेक ऑपरेटर नोंदलेले असतात, त्यांतून दोन्ही बाजूंच्या प्रकारांना जुळणारा ऑपरेटर निवडला जातो आणि त्याचा क्रमांक ‘ओपएक्स्प्र’ या नोडमध्ये लिहिला जातो. आपल्या अटीत वजन इंटीजर आणि भाव न्यूमरिक असल्यामुळे थेट जुळणारा गुणाकार सापडत नाही. तेव्हा इंजिन वजनाभोवती इंटीजरचे न्यूमरिक करणारे फंक्शन स्वतःहून गुंडाळते. आपण न लिहिलेले हे फंक्शन पुढे प्रत्येक नोंदीवर चालणार असते.

याच कारणाने 7 / 2 चे उत्तर 3 येते. दोन्ही इंटीजर दिसले की इंटीजरांचा भागाकार निवडला जातो, आणि हा निर्णय एकही नोंद वाचण्यापूर्वी झालेला असतो. उत्तर साडेतीन हवे असेल तर भागाकार होण्यापूर्वी एका बाजूचा प्रकार बदलावा लागतो; आलेले उत्तर नंतर न्यूमरिक केल्याने गेलेला अर्धा परत येत नाही.

ही ट्री प्रत्यक्ष पाहण्यासाठी आपल्या सेशनमध्ये डीबग_प्रिंट_पार्स ही सेटिंग चालू करावी, क्लायंट_मिन_मेसेजेस ‘लॉग’वर ठेवावी आणि क्वेरी चालवावी. पडद्यावर भला मोठा मजकूर येतो आणि पहिल्यांदा तो अंगावर येतो. त्यात फक्त जॉइनट्रीचा भाग शोधावा आणि त्याखालचे क्वाल्स वाचावेत. तिथे अँडचा ‘बूलएक्स्प्र’, त्यातले दोन ओपएक्स्प्र, व्हारमधले 4, 5, 6, 7 हे कॉलम क्रमांक आणि वजनाभोवतीचा ‘फंकएक्स्प्र’ हे सर्व ओळीने सापडते. क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या प्लॅनरच्या कामानंतरचे रूप पाहायचे असेल तर डीबग_प्रिंट_प्लॅन चालू करावी.

‘=’बद्दल मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नेहमीच्या कोलेशनमध्ये, म्हणजे मजकूर ताडण्याच्या नियमांत, टेक्स्टची बरोबरी बाइट जुळवून ठरते. ‘ऱ’ हे अक्षर एका चिन्हानेही लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता जोडून दोन चिन्हांनीही लिहिता येते, दिसायला दोन्ही सारखे असले तरी बाइट वेगळे असतात आणि तुलना खोटी ठरते. होड्यांची, गावांची नावे वेगवेगळ्या फोनवरून भरली जात असतील, तर पोस्टग्रेस 13 पासून उपलब्ध असलेल्या नॉर्मलाइझ फंक्शनने मजकूर एकाच रूपात आणूनच टेबलात घालावा.

प्लॅनर काय बदलतो आणि काय बदलत नाही

प्लॅनर ट्रीमधील स्थिर भाग आधीच सोडवून ठेवतो. 5000 * 2 च्या जागी 10000 येतो आणि तुलना न्यूमरिकशी असल्यामुळे तोही न्यूमरिक कॉन्स्ट होऊनच बसतो. प्लॅन दाखवणारी एक्सप्लेन व्हर्बोज ही आज्ञा चालवल्यास फिल्टरच्या ओळीत तो तसाच दिसतो. कोणते फंक्शन आधी सोडवायचे हे त्या फंक्शनवरील शिक्क्यावरून ठरते. इम्युटेबल फंक्शनला स्थिर मूल्ये दिलेली असतील तर ते इथेच सुटते. स्टेबल फंक्शनचे उत्तर एका क्वेरीपुरते बदलणार नाही याची हमी असते, म्हणून ते इंडेक्सच्या, म्हणजे नोंदी पटकन शोधण्याच्या सूचीच्या, अटीत चालते. व्होलाटाइल फंक्शन मात्र दर नोंदीला नव्याने बोलवावे लागते. आपण लिहिलेल्या फंक्शनवर काहीच शिक्का मारला नाही तर ते व्होलाटाइल समजले जाते, आणि केवळ तेवढ्यामुळे इंडेक्स बाजूला पडलेल्या क्वेरी बऱ्याच आढळतात. शिक्का मात्र खरा असला पाहिजे. टेबल वाचणाऱ्या फंक्शनला इम्युटेबल म्हटले आणि त्यावर इंडेक्स बांधला, तर त्या इंडेक्सवरून पुढे चुकीची उत्तरे येऊ शकतात.

यानंतर प्लॅनर एकाच नोडवर तपासायच्या अटींचा क्रम लावतो. फिल्टरच्या ओळीत मासा = 'सुरमई' पहिल्यांदा दिसेल, आपण ती दुसऱ्यांदा लिहिली असली तरी. साधा ऑपरेटर चालवण्याचा अंदाजित खर्च डीफॉल्टने 0.0025 धरला जातो. माशाच्या अटीत एकच ऑपरेटर आहे, तर रकमेच्या अटीत प्रकारबदल, गुणाकार, वजाबाकी आणि तुलना मिळून चार कामे आहेत, म्हणजे 0.01. स्वस्त अट आधी लागते. कोणती अट जास्त नोंदी गाळेल याचा विचार हा क्रम लावताना केला जात नाही. दोन अटींचा खर्च सारखा असेल तर आपण लिहिलेला क्रम टिकतो, म्हणून सारख्या खर्चाच्या अटी लिहिताना जास्त गाळणारी अट आधी लिहिण्याची सवय ठेवावी.

प्लॅनर बीजगणित मात्र करत नाही. वजन + 5 > 30 आणि वजन > 25 या अटी आपल्याला एकच वाटतात, पण वजनावर इंडेक्स असला तरी पहिल्या अटीला त्याचा उपयोग होत नाही. इंजिनाच्या लेखी ‘+’ हा कॅटलॉगमधील एक ऑपरेटर आहे. त्याचा उलटा ऑपरेटर कोणता आणि संख्या प्रकाराच्या मर्यादेबाहेर गेली तर काय होईल, याचे ज्ञान त्या नोंदीत नसते. म्हणून कॉलम एका बाजूला एकटा राहील अशी अट आपणच मांडायची असते.

तारखांच्या बाबतीत हे फार जाणवते. ऑक्टोबरची आवक हवी म्हणून तारखेतून महिना काढून तो 10 शी ताडून पाहिला, तर कॉलमभोवती फंक्शन येते आणि तारखेवरचा साधा इंडेक्स बाद होतो. शिवाय अंदाजही बिघडतो. महिना काढणाऱ्या एक्सप्रेशनची आकडेवारी इंजिनाकडे नसते, म्हणून मोठ्या टेबलात ते डीफॉल्टने 200 वेगवेगळी मूल्ये धरते आणि 0.5 टक्के नोंदी जुळतील असे गृहीत धरते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. म्हणजे जूनच्या नोंदी जवळजवळ नसतात आणि ऑक्टोबरच्या खच्चून असतात, तरीही इंजिन दोन्ही महिन्यांना तोच 0.5 टक्क्यांचा अंदाज लावते. विशिष्ट वर्षाचा ऑक्टोबर हवा असेल तर तारीख 1 ऑक्टोबर किंवा नंतरची आणि 1 नोव्हेंबरच्या आधीची अशी दोन टोके द्यावीत. सर्व वर्षांचा ऑक्टोबर हवा असेल तर त्या एक्सप्रेशनवरच इंडेक्स बांधावा, किंवा पोस्टग्रेस 14 पासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स वापरून नुसती आकडेवारी गोळा करावी आणि अ‍ॅनलाइझ चालवावे. एक्सप्रेशनवरचा इंडेक्स लागू होतो की नाही हे दोन ट्रींची नोडमागून नोड तुलना करून ठरते, म्हणून क्वेरीतही ते एक्सप्रेशन त्याच रूपात लिहावे लागते.

एक नोंद, तेरा पायऱ्या

पोस्टग्रेस 9.6 पर्यंत क्वेरी चालताना हीच ट्री वरून खाली फिरली जात असे. प्रत्येक नोड आपल्या मुलांचे फंक्शन बोलवी आणि उत्तर वर देई. 2017 साली आलेल्या आवृत्ती 10 पासून, क्वेरी सुरू होताना ट्री एकदाच उलगडून पायऱ्यांची सपाट यादी केली जाते आणि एक इंटरप्रिटर ती यादी क्रमाने चालवतो. आपल्या अटीची यादी अशी होते.

पहिली पायरी नोंद उलगडण्याची. साठवलेल्या नोंदीत कॉलम एकामागे एक चिकटून असतात, म्हणून सातवा कॉलम हवा असेल तर पहिल्यापासून चालत यावे लागते. संपूर्ण अटीत लागणारा सर्वांत पुढचा कॉलम कोणता हे आधीच मोजलेले असते आणि तिथपर्यंत नोंद एकदाच उलगडली जाते. दुसऱ्या पायरीत मासा हे मूल्य बरोबरीच्या फंक्शनच्या पहिल्या खणात ठेवले जाते. दुसऱ्या खणात ‘सुरमई’ तयारीच्या वेळीच बसवलेले असल्यामुळे त्यासाठी पायरी लागत नाही. तिसरी पायरी तुलना करते. चौथी ‘क्वाल’ नावाची पायरी उत्तर पाहते, आणि ते खोटे किंवा नल (मूल्यच नसलेले) असेल तर थेट शेवटाकडे उडी मारते. बांगड्याची नोंद इथेच संपते. तिच्यासाठी गुणाकार होतच नाही.

समोरची नोंद सुरमईची आहे असे समजा: वजन 24, भाव 650, बर्फखर्च 400. पाचव्या पायरीत 24 उचलले जाते आणि सहाव्या पायरीत त्याचे न्यूमरिक होते. सातवी पायरी 650 आणते, आठवी गुणून 15600 करते. नववी 400 आणते, दहावी वजा करून 15200 देते, अकरावी ते 10000 शी ताडून खरे ठरवते, बारावी पुन्हा क्वालची आणि तेरावी समाप्तीची. प्रत्येक पायरीला आपले उत्तर कुठे लिहायचे त्याचा पत्ता आधीच दिलेला असतो, म्हणून आठव्या पायरीचे 15600 थेट वजाबाकीच्या पहिल्या खणात पडते. क्वेरी चालू असताना ही यादी दाखवणारी आज्ञा पोस्टग्रेसमध्ये नाही, त्यामुळे ती मनाने मांडता येणे हे शिकण्यासारखे कौशल्य आहे. पुढची कोणतीही अट समोर आली की आधी कागदावर तिच्या पायऱ्या लिहून काढाव्यात.

यातून टेबलाच्या रचनेबद्दलही एक धडा मिळतो. लांबलचक शेऱ्याचा कॉलम टेबलात शेवटी ठेवावा आणि क्वेरीत गरज नसताना सर्व कॉलम मागवू नयेत. मग नोंद उलगडताना शेऱ्यापर्यंत जावेच लागत नाही.

लिलाव बाकी असलेली नोंद

होडी लागली, मासळीचे वजन झाले, पण लिलाव व्हायचा आहे. अशा वेळी भावाच्या जागी नल असतो. इंजिन प्रत्येक मूल्यासोबत ‘हे नल आहे का’ असा एक वेगळा झेंडा बाळगते. गुणाकार, वजाबाकी आणि तुलना ही फंक्शने स्ट्रिक्ट असतात, म्हणजे एकाही खणात नल असेल तर फंक्शन बोलावलेच जात नाही आणि उत्तराचा झेंडा नलवर ठेवला जातो. त्यामुळे आठव्या पायरीत नल आले की दहाव्या आणि अकराव्या पायरीतही नलच येते आणि बारावी पायरी नोंद गाळून टाकते.

आता कोणी दहा हजारांहून जास्त रकमेची एक यादी आणि दहा हजार किंवा कमी रकमेची दुसरी यादी काढली, तर दोन्ही याद्यांच्या नोंदी मिळून सुरमईच्या एकूण नोंदींएवढ्या होत नाहीत. लिलाव बाकी असलेली प्रत्येक नोंद दोन्हीकडून गळते, आणि त्याच नोंदींकडे हिशेबनीसाचे लक्ष जाणे सर्वांत गरजेचे असते. भाव नल असेल तर शून्य धरावा, असा उपाय कोअलेसने करता येतो, पण त्याने ‘भाव ठरलेला नाही’ या माहितीचे ‘फुकट गेले’ असे रूपांतर होते. माझ्या मते भाव नल असलेल्या नोंदींची तिसरी यादी काढणे हाच योग्य मार्ग आहे.

नल सर्वच उत्तरे गिळून टाकते असे मात्र नाही. अँडची एक बाजू खोटी असेल तर दुसरी नल असली तरी उत्तर खोटे येते, आणि ऑरची एक बाजू खरी असेल तर उत्तर खरे येते. म्हणून ‘भाव 600 हून जास्त ऑर वजन 20 हून जास्त’ या अटीत 24 किलोची, भाव न ठरलेली नोंद टिकते. नॉट लावल्याने नलचे काही बदलत नाही. व्हेअर आणि चेक यांत नलला मिळणारी वागणूक उलट आहे: व्हेअर नल आले की नोंद गाळते, तर चेक कन्स्ट्रेंट नल आले की नोंद स्वीकारते. भाव शून्याहून जास्त हवा असे चेकमध्ये लिहिले तरी रिकामा भाव आत शिरतो. तो अडवायचा असेल तर नॉट नल वेगळे लिहावे. नॉट इनमध्ये सबक्वेरी देताना तिच्यात एक जरी नल आले तर एकही नोंद मिळत नाही, म्हणून तिथे नॉट एक्झिस्ट्स वापरावे.

किलोमागे बर्फाचा खर्च काढताना एक वेगळी अडचण येते. होडी रिकामी परतली तर वजन 0 असते आणि भागाकारावर क्वेरी कोसळते. वजन शून्य नसावे ही अट अँडने जोडली की बहुतेक वेळा काम भागते, कारण ती स्वस्त असल्यामुळे आधी लागते. पण एसक्यूएल अशा क्रमाची हमी देत नाही, आणि व्ह्यू किंवा जॉइन आल्यावर अटी वेगवेगळ्या नोडवर विखुरल्या जाऊ शकतात. नलइफ वापरून वजन 0 असल्यास नल करावे. मग स्ट्रिक्ट भागाकार बोलावलाच जात नाही. ‘असे असेल तर तसे’ सांगणाऱ्या केस या रचनेनेही क्रम राखता येतो, परंतु केसच्या एखाद्या शाखेत 1 / 0 सारखा पूर्ण स्थिर भाग असेल तर तो प्लॅनरच्या टप्प्यावरच सोडवला जाऊन चूक उद्भवू शकते.

पायऱ्या डोळ्यांनी पाहण्यासाठी

ज्यांना यादी प्रत्यक्ष पाहायची आहे त्यांनी हेच टेबल एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तयार करून त्याच क्वेरीच्या आधी एक्सप्लेन लिहावे. एसक्यूलाइट प्रत्येक क्वेरीचे बाइटकोड, म्हणजे छोट्या आज्ञांची यादी, करते आणि एक्सप्लेन तो ओळीने दाखवते. 2008 सालच्या 3.5.5 आवृत्तीपासून त्याचे यंत्र रजिस्टरांवर, म्हणजे मूल्ये ठेवण्याच्या क्रमांकित खणांवर, चालते. कॉलम ही आज्ञा कितव्या क्रमांकाचा कॉलम, शून्यापासून मोजून, कोणत्या रजिस्टरमध्ये आणला ते सांगते. मल्टिप्लाय आणि सबट्रॅक्ट गणित करतात. ‘>’ लिहिलेले असताना यादीत ‘एलई’ म्हणजे ‘लहान किंवा समान’ ही आज्ञा सापडली तर गोंधळू नये: अट जुळली नाही तर पुढच्या नोंदीकडे उडी मारायची असल्यामुळे तुलना उलटी केलेली असते. 5000 * 2 चा गुणाकारही यादीच्या शेवटाकडे, फिरत्या भागाच्या बाहेर सापडतो. सुरुवातीची इनिट ही आज्ञा तिथे उडी मारते, तो एकदाच चालतो आणि मग खऱ्या कामाला सुरुवात होते.

डकडीबीसारखी विश्लेषणासाठी बनवलेली इंजिने एका नोंदीऐवजी कॉलमच्या डीफॉल्टने 2048 मूल्यांच्या तुकड्यावर एकेक पायरी चालवतात, त्यामुळे पायरी निवडण्याचा खर्च तेवढ्या नोंदींत वाटला जातो. पोस्टग्रेसने वेगळी वाट धरली. 2018 सालच्या आवृत्ती 11 पासून ते एलएलव्हीएम या कंपायलर-संचाच्या मदतीने हीच यादी यंत्रभाषेत उतरवू शकते, आणि आवृत्ती 12 मध्ये ही जेआयटी, म्हणजे ऐनवेळी कंपायल करण्याची, सोय मुळातच चालू ठेवण्यात आली. क्वेरीचा अंदाजित खर्च 100000 या डीफॉल्ट मर्यादेवर गेला की ती लागू होते. हा अंदाज चुकला तर पंधरा-वीस मिलिसेकंदांत संपणाऱ्या क्वेरीवर त्याहून जास्त वेळ नुसते कंपायल करण्यात जाऊ शकतो. म्हणून एक्सप्लेन अ‍ॅनलाइझच्या शेवटी जेआयटीचा भाग दिसला तर त्यातील एकूण वेळ क्वेरीच्या एकूण वेळेशी ताडून पाहावा. तो मोठा वाटा असेल तर त्या सेशनपुरती जेआयटी बंद करून पुन्हा मोजावे, आणि तरीही प्लॅनमधला नोंदींचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा फार वेगळा दिसत असेल तर वर सांगितलेल्या एक्सप्रेशनच्या आकडेवारीकडे वळावे.